“हे कोण, ओळखा बरं?” हा प्रश्न आधी बंद करा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७८ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालेलं, सगळी नोकरी हिशेब खात्यात गेलेली. आठवणी टिकाव्यात म्हणून तुम्ही आणि तुमचा भाऊ रोज संध्याकाळी जुना अल्बम घेऊन बसता आणि एकेका फोटोवर बोट ठेवून “हे कोण?” विचारता. सुरुवातीला ते सांगायचे. आता अल्बम दिसला की तोंड फिरवतात, परवा तर त्यांनी तो ढकलून दिला. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या आईची ते रोज चौकशी करतात आणि अलीकडे तुम्हालाच “तुम्ही कोण?” असं विचारतात. आठवणी जाग्या ठेवायला अजून काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी १९ वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांबरोबर काम करतेय. स्पष्टच सांगते, आठवणी जाग्या ठेवणं तुमच्या-माझ्या हातात फारसं नाही. रोज उजळणी घेतली म्हणून विसरायची गती कमी होते, असं मला कधी दिसलं नाही. पण “मी कोणीतरी आहे, माझं काहीतरी होतं आणि आहे” ही जाणीव त्या माणसाला होत राहावी, यासाठी जुन्या आठवणींचा उत्तम उपयोग होतो. त्यासाठी आठवण बरोबर असायची गरज नसते, पूर्ण असायचीही नसते. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य शेवटचं होतं: “बाबा आता बाबा राहिले नाहीत असं वाटतं.” खरी अडचण तिथे आहे, म्हणून उत्तरही त्याचंच देते.

आधी, कशावर काय अवलंबून आहे ते. मी लिहितेय ते अल्झायमरच्या मधल्या टप्प्याला सगळ्यात जास्त लागू पडतं. स्मृतिभ्रंशाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग बिघडतो) माणूस बहुतेकदा फोटो ओळखतो, पण स्वभावच बदललेला असतो. तिथे आठवणींच्या वाटेने जाऊन फार काही हाती लागत नाही. लेवी बॉडी या आणखी एका प्रकारात एक दिवस लख्ख आणि दुसरा धूसर, शिवाय नसलेली माणसं दिसण्याचा त्रास, त्यामुळे भिंतीवरचे मोठे चेहरे कधीकधी भीतीदायक ठरतात. आणि तुमच्या वडिलांचं हे चिडणं महिन्यांत वाढत गेलंय की चार दिवसांत एकदम सुरू झालंय, हे नीट आठवून बघा. एकदम बदल झाला असेल तर अल्बम, थेरपी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अंगात पाणी कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीही वृद्ध माणसाला दोन दिवसांत पार गोंधळवून टाकतं. चष्म्याचा नंबर आणि कानाचं यंत्रही तपासा. “ओळखत नाहीत” म्हणून माझ्याकडे आणलेल्या एका आजोबांच्या यंत्राची बॅटरी संपून किती दिवस झाले होते कोण जाणे.

आता अल्बमचं. तुमच्या दृष्टीने तो मायेचा कार्यक्रम आहे, पण त्यांच्या बाजूने बघा. दिवस मावळतीला आलाय, डोकं दमलंय (या आजारात बऱ्याच जणांची बेचैनी याच वेळी वाढते), आणि दोन माणसं समोर बसून तोंडी परीक्षा घेतायत. उत्तर येत नाही. मग एक जण दुसऱ्याकडे बघतो, आणि ती नजर त्यांना बरोबर कळते. तुमच्या वडिलांनी जन्मभर इतरांच्या चुका शोधल्या. चूक म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? अशा माणसाला रोज पाच फोटोंत पाच चुका काढून दाखवल्यावर त्याने अल्बम ढकलला, यात मला आजारापेक्षा शहाणपण जास्त दिसतं.

ते ही गोष्ट विसरून जातील, असंही समजू नका. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक छोटा पण माझ्या कामाला कायमचा उपयोगी पडलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या लोकांना त्यांनी आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते बहुतेकांच्या डोक्यातून गेलं, पण मनात उठलेली भावना मात्र मागे रेंगाळत राहिली. आणि दुःखी फीत ज्यांना कमी आठवत होती, त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. तुमच्या घरी हेच होत असावं. संध्याकाळचे प्रश्न ते विसरतात, पण ओशाळलेपण घेऊन झोपतात. त्यामुळे तो अल्बम महिनाभर तरी त्यांच्या नजरेआड ठेवा.

काय आधी जातं आणि काय उरतं, हे कळलं की पुढचं सोपं होतं. नवीन आठवणी आधी पुसतात आणि जुन्या जास्त टिकतात, हे तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच लिहून ठेवलं. त्यातही साधारण वयाच्या १० ते ३० वर्षांमधल्या आठवणींचा साठा म्हातारपणी सर्वांत दाट असतो. निरोगी माणसांतही हे दिसतं. पहिली नोकरी, पहिला पगार, घर सोडणं, जोडीदार भेटणं, असं माणसाला घडवणारं बरंचसं याच काळात होतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. तिसरी गोष्ट, आठवणींचे प्रकार वेगवेगळे असतात. “त्या दिवशी काय झालं” ही आठवण लवकर जाते. “मी कोणत्या प्रकारचा माणूस आहे” हे ज्ञान जास्त टिकतं. हाताला लागलेलं वळण तर त्याहून जास्त टिकतं, कारण ते मेंदूच्या वेगळ्या भागांत साठवलेलं असतं.

या दृष्टीने तुमचा अल्बम पुन्हा चाळा. माझा अंदाज, त्यात निम्म्याहून जास्त फोटो गेल्या २० वर्षांतले असतील, नातवंडांचे असतील. म्हणजे जो भाग सगळ्यात आधी पुसला गेला, त्याच भागावर तुम्ही रोज बोट ठेवताय. वडील मनाने कदाचित ३५-४० वर्षांचे असतील. त्या माणसाची मुलगी लहान असते. समोरची पन्नाशीतली बाई मुलगी कशी असेल? त्यांना तुमच्यात स्वतःची बहीण किंवा आई दिसत असण्याचीही शक्यता आहे. चेहरा घरचा आहे हे कळतंय, फक्त वर्षांचा हिशेब जुळत नाहीये.

आता माझ्याकडची एक आजी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. ४० वर्षं शिवणकाम केलेलं. केंद्रात आल्या तेव्हा दिवसभर पदराचं टोक चुरगळत बसायच्या, नाव विचारलं तर रडायच्या. घरच्यांनी सांगितलं होतं, “शिवणाचं विचारू नका, काहीच आठवत नाही.” मी विचारलं नाही. सुती कापडाचा हातभर तुकडा त्यांच्या शेजारी ठेवला आणि स्वतः एक बटण लावत बसले, तेही वाईट. पाच-सात मिनिटं काही झालं नाही. मग त्यांनी तो तुकडा उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, उजेडाकडे तिरका केला, पालथा घातला. “ही उलटी बाजू,” म्हणाल्या. मग कडेचा एक धागा नखाने उचलून ओढला आणि कापडाला पडलेली सरळ रेघ मला दाखवली. कापायचं कुठून, ते. नंतर माझ्या बटणाकडे बघून म्हणाल्या, “दोरा इतका ताणू नये. बटणाला मान ठेवावी लागते, नाहीतर काजात बसत नाही.” सगळं मिळून चार वाक्यं असतील. पण बोलताना त्यांची पाठ सरळ झाली होती आणि आवाज शिकवणाऱ्या बाईचा होता. नाव त्यांना त्या दिवशीही सांगता आलं नाही.

आठवण काढून ओळख टिकवायची म्हणजे मला इतकंच म्हणायचंय. त्या आजींना काय आठवलं, यापेक्षा त्या काही मिनिटं जाणकार होत्या आणि मी शिकाऊ, हे महत्त्वाचं. एरवी दिवसभर सगळे त्यांना भरवणारे, उठवणारे, चुका सुधारणारे. तेवढ्यापुरती ती पाळी उलटली.

तुमच्या वडिलांकडे येऊ. विचारू नका, सांगा, आणि पुढचं मोकळं सोडा. “तुम्ही कुठे काम करायचात?” हा प्रश्न झाला. “मला बाई हिशेब कधीच जमला नाही, शेवटी एक रुपया कमी पडतोच,” हे बोलणं झालं. पहिल्याला एकच बरोबर उत्तर आहे, दुसऱ्याला काहीही म्हटलं तरी चालतं, हसून मान हलवली तरी चालते. विचारायचंच असेल तर मत विचारा: “आकडे पेन्सिलीने लिहावेत की पेनाने?” मताला चूक नसते. हातात काहीतरी द्या. रेघा आखलेली जाड खातेवही, लाकडी पट्टी, ते वापरायचे तसलं पेन. कोऱ्या वहीला पानांचे क्रमांक घालणं, समास आखणं, जुन्या पावत्या चळत लावून बरोबर कडेला कडा मिळवणं. ते पट्टी कशी धरतात ते बघा. बेरजेखाली दोन रेघा मारायची त्या पिढीतल्या हिशेबनिसांची सवय होती; ती हातातून निघाली तर टाळ्या वाजवू नका, फक्त “अशा दोन रेघा का मारतात?” एवढं विचारून बघा.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी स्वतः ठेच खाऊन शिकले. जन्मभर व्हायोलिन वाजवलेल्या एका आजोबांच्या हाती मी मोठ्या उत्साहाने व्हायोलिन दिलं. घरचे मोबाईल काढून तयार. आजोबांनी ते गळ्याशी घेतलं, गज टेकवला, दोन सूर काढले आणि थांबले. कान शाबूत होता, बोटं नव्हती. आपलं वाजवणं किती बेसूर झालंय हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळलं. वाद्य मांडीवर ठेवून ते बराच वेळ तसेच बसले आणि पुढचे काही दिवस त्या खोलीत यायला तयार होईनात. त्यानंतर मी कोणाला हुबेहूब जुनं काम देत नाही. त्या कामाच्या कडेचं काहीतरी देते, जिथे हात ओळखीचा वाटेल पण चूक होणारच नाही. व्हायोलिन वाजवायला न देता पुसायला, तारांना हात लावायला दिलं असतं तर चाललं असतं. म्हणून वडिलांना बेरजा देऊ नका. हातचा सुटला की तो त्यांना कळेल, आणि पुन्हा अल्बमसारखंच होईल.

फोटो वाईट नाहीत, ते दाखवायची रीत बदलायला हवी. एका वेळी एकच, आणि तोही त्यांच्या विशी-पंचविशीतला. मोठ्या आकाराचा, चकाकी नसलेल्या कागदावर. प्लास्टिकच्या पाकिटावर दिव्याचा उजेड चमकतो आणि समोर पांढरा ठिपका सोडून काही दिसत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही. फोटोखाली ठळक अक्षरात नाव लिहून ठेवा, म्हणजे आठवायची गरजच उरणार नाही. बरेच जण मधल्या टप्प्यातही वाचू शकतात. मग तुम्हीच सुरुवात करा: “हा ऑफिसातला फोटो. शर्टाच्या बाह्या सगळ्यांनी दुमडल्यात, पंखा नसावा बहुतेक.” चेहऱ्यांपेक्षा वस्तूंवर बोला. ते भलतंच नाव घेतील, फोटोतल्या माणसाची दुसऱ्याच कोणाची गोष्ट जोडतील. जोडू द्या. ते खोटं बोलत नाहीयेत. जिथे गाळलेली जागा आहे तिथे मेंदू हाताला लागेल ते भरतो. त्यातून कोणाला इजा किंवा पैशाचं नुकसान होणार नसेल तर दुरुस्ती करू नका. तुमच्या भावाला हे जड जाईल, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मुलग्यांना बापाची चूक तशीच सोडून देणं फार अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

या सगळ्याने काय होईल, त्याबद्दल मोठी आशा दाखवणार नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली आठवणींवर आधारित थेरपीच्या २२ अभ्यासांचा आढावा घेतला, सगळे मिळून सुमारे २,००० लोक. फायदा दिसला, पण लहान, आणि प्रत्येक ठिकाणी सारखा नाही. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांच्या जगण्याच्या गुणवत्तेत तो थोडा जास्त जाणवला. त्याआधी ब्रिटनमध्ये ४८८ जोड्यांवर एक मोठी चाचणी झाली होती, रुग्ण आणि त्याला सांभाळणारा असे एकत्र गटात बसवून. २०१२ मध्ये तिचा निकाल आला: रुग्णांच्या जगण्याच्या गुणवत्तेत फरक नाही, आणि सांभाळणाऱ्यांची चिंता उलट किंचित वाढलेली. मी हे माझ्या धंद्याच्या विरोधात मुद्दाम सांगतेय. रोज संध्याकाळी सात वाजता आठवणींचा तास, असं कर्तव्य करून घेतलंत तर दमाल तुम्ही. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. एरवी कपड्यांच्या घड्या घालता घालता जे निघेल ते.

सगळ्याच आठवणी गोड नसतात, हेही धरून चला. म्हातारपणी मागे वळून बघणं हे भरकटणं नसून आयुष्याचा ताळेबंद मांडणं आहे, असं रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली मांडलं. त्याआधी डॉक्टर मंडळी जुन्या गोष्टी उगाळणाऱ्या म्हाताऱ्यांना गप्प करा म्हणून सांगत. पण ताळेबंदात तोटाही निघतो, आणि तो बटलरनेही लपवला नव्हता. वडील एखाद्या जुन्या अन्यायाबद्दल बोलले तर “जाऊ द्या हो आता” म्हणून विषय पुसू नका. “फार वाईट वागले तुमच्याशी,” एवढं म्हणा आणि थांबा. बहुतेक वेळा राग तिथेच निवतो. तीच गोष्ट दिवसभर फिरून फिरून येत असेल, झोप-जेवण तुटत असेल, तर मात्र ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर औषध असतं. हातांची चुळबुळ, दाराकडे वळणारी नजर, ओठ आवळणं, ही थांबायची चिन्हं. शब्दांची वाट बघू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: अल्बम बंद, परीक्षा बंद, तरुण वयातल्या वस्तू, चूक होणार नाही असं काम, सकाळची वेळ, दुरुस्ती नाही.

आता आई. “ती गेली, पाच वर्षं झाली” हे दर वेळी सांगणं म्हणजे त्यांना दर वेळी नव्याने ती बातमी देणं. ते दुःख पहिल्याइतकंच ताजं असतं, आणि कारण विसरल्यावरही मागे राहतं. दुसरीकडे, “येईल इतक्यात” म्हणून टोलवलं तर ते वाट बघत दारात बसतात. मी सहसा यातलं काहीच सुचवत नाही. आधी प्रश्नामागे काय आहे ते ऐका. जेवायच्या वेळी विचारत असतील तर भूक असेल, अंधार पडल्यावर विचारत असतील तर भीती. “आईची आठवण येतेय ना? तुमचा चष्मा तीच शोधून द्यायची,” असं म्हणून आईबद्दलच बोला. खोटं सांगावं लागत नाही आणि बोलायला माणूस मिळतो. पण त्यांनी डोळ्यांत बघून सरळ विचारलं, “ती गेली का?” तर हो म्हणा आणि शेजारी बसून राहा. यावर माझ्याच क्षेत्रात दुमत आहे. माझं मत असं, की ज्याला खरं हवंय त्याला ते नाकारणं म्हणजे त्याला माणसातून वजा करणं.

एक काम मात्र आजच करून टाका, कारण ते तुमच्या आठवणीवर चालतं, त्यांच्या नाही. एका पानावर त्यांच्याबद्दल लिहा: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, काय काम केलं, कशाचा अभिमान, कशाने चिडतात, आंघोळीला आधी पाय की डोकं, कोणता विषय काढू नये. रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा घरी सांभाळायला कोणी ठेवलं तर हे पान पहिल्या दिवशी सांभाळणाऱ्यांच्या हातात द्या. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली मांडलं, की माणूसपण हा आपल्याला इतरांनी नात्यातून दिलेला दर्जा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा: “पाच नंबरचे आजोबा” म्हणणाऱ्या नर्सला ते खातेवहीत दोन रेघा मारणारे साहेब आहेत हे कळलं, की तिची हाक बदलते. हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि शेवटचा, तुम्ही ज्याला सगळ्यात घाबरताय तो प्रश्न: “तुम्ही कोण?” समोरून या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, आधी नाव सांगा. नाव पटलं तर नातं सांगा. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला तर पुरावे देऊ नका, रडू आलं तर आत जाऊन रडा आणि परत या. त्या दिवशी ते तुम्हाला बहीण समजत असतील तर बहीण म्हणून बसा. त्या शिवणाऱ्या आजींची मुलगी दोन वर्षं त्यांच्यासाठी दुकानात कामाला येणारी कोणीतरी बाई होती. ती दर गुरुवारी बटणांचा डबा घेऊन यायची. एकदा आजी तिला सांगत होत्या, “माझी मुलगी टाके घालते फार सावकाश. पण तिचा टाका कधी उसवत नाही.” मुलीने काही दुरुस्त केलं नाही. डब्यातलं पुढचं बटण काढून त्यांच्या हातावर ठेवलं.